आधी कोणती जोडी बांधायची? डिफरन्शियल आणि त्याच्या कुलपाची गोष्ट

जुलै महिन्यात भाताच्या पट्ट्यातून प्रवास करताना हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चिखलणी आटोपून ट्रॅक्टर खाचरातून बाहेर पडतो आहे. मागचे एक मोठे चाक बांधावरच्या टणक जमिनीवर आलेले आहे, दुसरे अजून चिखलातच आहे. चालक जोर वाढवतो. चिखलातले चाक गरागरा फिरते, मागे चिखलाचा फवारा उडतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. गंमत म्हणजे टणक जमिनीवरचे चाक, ज्याला खरोखर काही करता आले असते, ते अगदी स्वस्थ असते! मग चालक पायापाशी असलेले एक छोटे पेडल दाबतो. दोन्ही चाके एकदम, एकाच गतीने फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पाय काढला की पुन्हा पहिल्यासारखे.

हे पेडल डिफरन्शियल लॉकचे. आता काही प्रश्न विचारू या. इंजिनाची ताकद नको त्या चाकाकडे का गेली? असा दोष असलेले यंत्र कारखानदार मुद्दाम का बसवतात? आणि ट्रॅक्टरऐवजी चारही चाकांना ताकद मिळणारा, डोंगरात नि रानात जाणारा ट्रक असेल, तर कुलूप कोणत्या जोडीला घालायचे, पुढच्या की मागच्या? आडवाटेने गाडी नेणारे लोक या शेवटच्या प्रश्नावर तासन्‌तास वाद घालतात. पण त्याचे उत्तर मतांवर नव्हे, तर अकरावीच्या भौतिकशास्त्रावर अवलंबून आहे. ते समजण्यासाठी आपल्याला सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

वळणाचा हिशोब

बैलगाडीची दोन्ही चाके आखावर मोकळी फिरतात. त्यामुळे गाडी वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले चाक कमी फिरले तरी बिघडत नाही. हा फरक किती असतो? दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर धरा. गाडीने एक पूर्ण फेरी मारली, तर दोन चाकांनी कापलेल्या अंतरांतला फरक २ × ३.१४ × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर येतो. यात वळणाची त्रिज्या कुठेच येत नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर करून पाहायला सांगा. मोठे वळण असो वा छोटे, काटकोनात वळले की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा २.२ मीटर जास्त चालणारच.

बैल गाडी ओढतात तोवर ठीक आहे. पण चाकांनीच गाडी ढकलायची म्हटले की अडचण येते. चाक आखावर मोकळे ठेवले तर त्याला ताकद पोचत नाही, आणि दोन्ही चाके आखाला पक्की केली तर वळताना एकाला फरपटावे लागते. एक साधा उपाय म्हणजे एकाच चाकाला ताकद देणे. आपल्याकडच्या सायकलरिक्षांमध्ये बहुधा हेच केलेले असते. आगगाडीची चाके आसाला पक्की असतात, पण त्यांच्या धावा किंचित शंकूच्या आकाराच्या असतात आणि रुळांची वळणे मोठी असतात, म्हणून तिचे निभावते. रस्त्यावरच्या गाडीला यापेक्षा चांगले काहीतरी हवे होते.

ते १८२७ मध्ये फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञाने शोधले. रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाडीसाठी त्याने दातेरी चाकांची अशी रचना केली, की इंजिनाची गती दोन चाकांना मिळून मिळेल, पण ती त्यांनी आपसात हवी तशी वाटून घ्यावी. एक चाक जेवढे हळू होईल, तेवढेच दुसरे जलद होते. दोघांची सरासरी मात्र इंजिन ठरवेल तीच राहते.

तत्त्व याहून जुने आहे. लंडनचा घड्याळजी जोसेफ विल्यमसन याने १७२० च्या सुमारास घड्याळात अशी रचना वापरली होती. आणखी मागे जाण्याचा मोहही अनेकांना झाला. प्राचीन चीनमधील, दक्षिण दिशा दाखवत राहणाऱ्या रथात डिफरन्शियल असावे, असे १९४७ मध्ये जॉर्ज लँचेस्टर या इंग्रज मोटार अभियंत्याने सुचवले. ग्रीसच्या समुद्रतळाशी सापडलेल्या अँटिकिथेरा यंत्रात ते होते, असे डेरेक द सोला प्राइस या इतिहासकाराने १९७४ मध्ये मांडले. चिनी रथाचा एकही मूळ अवशेष उरलेला नाही. ग्रीक यंत्राच्या पुढच्या क्ष-किरण तपासणीतून, प्राइस सांगत होता त्या ठिकाणी डिफरन्शियल नव्हते, असे दिसून आले. जुन्या वस्तूत आपल्याला माहीत असलेले यंत्र पाहण्याची घाई विद्वानांनाही होते, एवढा धडा यातून घ्यावा.

तीनचाकी सायकल आणि दुसरा गुण

पेकरची रचना काही काळ फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. तिचा पुनर्जन्म इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री गावी झाला. जेम्स स्टार्ली हा तिथला शिवणयंत्रे आणि सायकली बनवणारा कारागीर. दोघांनी शेजारी शेजारी बसून, प्रत्येकाने आपल्या बाजूचे चाक फिरवायचे, अशी एक गाडी त्याने केली होती. १८७७ मध्ये तो आपल्या मुलाबरोबर ती चालवत होता, अशी गोष्ट सांगितली जाते. मुलगा तरुण आणि दांडगा, बाप चाळिशी उलटलेला. मुलाचे चाक पुढे धावू लागले, गाडी सारखी बापाच्या बाजूला वळू लागली आणि अखेर रस्ता सोडून खाली गेली. यावर विचार करता करता स्टार्लीला दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसवण्याची कल्पना सुचली.

गोष्टीतला तपशील किती खरा हे बाजूला ठेवू, पण तिच्यातले भौतिकशास्त्र पक्के आहे. पेकरपुढे वळणाचा प्रश्न होता, म्हणजे गतीचा. स्टार्लीपुढे प्रश्न होता तो असमान जोराचा. डिफरन्शियल हे दोन्ही प्रश्न सोडवते. ते गतीची वाटणी मोकळी ठेवते, पण पीळ, म्हणजेच टॉर्क, मात्र दोन्ही चाकांना नेहमी सारखाच देते. हे दोन गुण एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पुढच्या साऱ्या कथेचे मूळ या दुसऱ्या गुणात आहे.

१८८० च्या दशकात कार्ल बेंझने आपली तीनचाकी मोटार बांधली, तेव्हा तिच्या मागच्या दोन चाकांसाठी डिफरन्शियल घातले. तेव्हापासून ते मोटारीचा अविभाज्य भाग झाले. आपल्या रस्त्यांवरच्या ऑटोरिक्षातही ते असते.

वर्गात करून पाहण्याजोगे

डिफरन्शियलचे चित्र फळ्यावर काढून समजावणे अवघड जाते. त्यापेक्षा हा प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या डब्याचे एक गोल झाकण घ्या. त्याच्या कडेवर रबर बँड बसवा आणि मधोमध पेन्सिलीचे टोक जाईल एवढे भोक पाडा. झाकण टेबलावर आडवे ठेवा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन लाकडी फूटपट्ट्या अशा ठेवा, की त्यांच्या कडा रबराला घट्ट टेकतील. पट्ट्या बाहेर सरकू नयेत म्हणून दोन्हीकडे जाड पुस्तकांची भिंत करा. झाकण म्हणजे डिफरन्शियलच्या आतले छोटे दातेरी चाक, दोन पट्ट्या म्हणजे गाडीची दोन चाके आणि पेन्सिल म्हणजे इंजिन.

पेन्सिल भोकात घालून झाकण सरळ पुढे ढकला. दोन्ही पट्ट्या बरोबरीने पुढे जातील. ही सरळ रस्त्यावरची गाडी. आता एक पट्टी बोटाने दाबून धरा. झाकण तिच्यावरून घरंगळेल आणि दुसरी पट्टी दुप्पट अंतर जाईल. हे वळण. मग बोट काढा आणि एका पट्टीवर जड पुस्तक ठेवा, दुसरी मोकळी राहू द्या. झाकण ढकलले की मोकळी पट्टी सुळकन पुढे जाईल, जड पट्टी हलणारही नाही. हाच चिखलातला ट्रॅक्टर! शेवटी झाकण दोन्ही पट्ट्यांना चिकटपट्टीने पक्के करा. आता ढकलले की दोन्ही पट्ट्या एकत्रच जातील, पुस्तक असो वा नसो. हे लॉक. पण या स्थितीत एक पट्टी धरून 'वळण' घेऊन पाहा. एकतर चिकटपट्टी सुटेल, नाहीतर धरलेली पट्टी बोटाखालून फरपटेल.

दुबळ्याच्या हाती दोरी

आता गुणाचा दोष कसा होतो ते आकड्यांत पाहू. मागच्या प्रत्येक चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे असे समजा. डावे चाक कोरड्या जमिनीवर आहे, तिथे घर्षणांक ०.८. उजवे चाक चिखलात, तिथे घर्षणांक ०.१. चिखलातले चाक जास्तीत जास्त ५० किलोग्रॅम भाराइतका जोर लावू शकते, त्यापलीकडे ते घसरून फिरते. डिफरन्शियल दोघांना सारखाच पीळ देणार, म्हणून डाव्या चाकालाही ५० च मिळणार. एकूण जोर १००. लॉक केले की दोन्ही चाके एकाच दांड्याला जोडल्यासारखी होतात. डावे चाक आपल्या घर्षणाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ४००, आणि उजवे ५०, असा एकूण ४५० जोर मिळतो. इंजिन तेच, टायर तेच, तरी जोर साडेचारपट!

म्हणजे मोकळ्या डिफरन्शियलमध्ये दुबळे चाक सबळ चाकाची मर्यादा ठरवते. चांगल्या रस्त्यावर हे कळतही नाही, कारण तिथे दुबळे कोणी नसते. शर्यतीच्या गाड्यांमध्ये मात्र ते लवकर कळले. फर्डिनांड पोर्शे याने ऑटो युनियन कंपनीसाठी बांधलेल्या प्रचंड ताकदीच्या शर्यतीच्या मोटारीत मागचे एक चाक वेगात असतानाही घसरून फिरे. त्यासाठी १९३५ मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीकडून घसरणीला आळा घालणारे डिफरन्शियल करवून घेण्यात आले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत व्हर्नन ग्लीझमन याने मळसूत्री दातेरी चाकांच्या, पुढे 'टॉर्सेन' नावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेचे पेटंट मिळवले. ती सबळ चाकाला दुबळ्याच्या काही पट पीळ देते. पण यात एक मेख आहे. चाक अधांतरी लटकत असेल तर त्याचा जोर शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. खडकाळ वाटेवर चाक हवेत उचलले जाणे ही नेहमीची बाब असते. तिथे पट करून भागत नाही, दोन चाके सरळ एकमेकांना बांधावीच लागतात.

पुढच्या चाकांची अडचण

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पनाही जुनी आहे. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये अशी मोटार बांधली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल गावी ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिच या मेहुण्यांनी १९०८ मध्ये चार चाकांना ताकद देण्याच्या युक्तीचे पेटंट मिळवले. त्यातून निघालेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात युरोपच्या चिखलात हजारोंच्या संख्येने धावले.

या साऱ्यांपुढची खरी अडचण पुढच्या चाकांची होती. मागच्या चाकाला सरळ दांड्याने ताकद देता येते. पुढच्या चाकाला एकाच वेळी फिरायचेही असते आणि वळायचेही असते. म्हणून दांड्यात सांधा हवा. रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जाणारा साधा सांधा वापरला, तर वाकलेल्या स्थितीत तो गती एकसारखी पोचवत नाही. ३० अंशांत वाकवला, तर एका बाजूचा दांडा स्थिर वेगाने फिरत असताना दुसऱ्या बाजूचा वेग ०.८७ पट ते १.१५ पट असा प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होतो. सुकाणूला हिसके बसतात, सांध्यावर ताण येतो. एकसारखा वेग देणारे सांधे १९२६ च्या आसपास आले. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांचा 'त्राक्ता' सांधा आणि अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा याचा गोळ्यांचा सांधा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाड्यांच्या पुढच्या चाकांत हे सांधे होते.

१९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर तिचीच जोडणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली. चारही चाकांना ताकद देण्याची सोय असूनही या जीपची पुढची आणि मागची डिफरन्शियल मोकळीच होती. म्हणजे पुढचे एक आणि मागचे एक अशी कोनाकोनी दोन चाके उचलली गेली, की जीप अडकायची. ताकद चारही चाकांकडे जाते, पण फिरतात ती अधांतरी असलेली दोनच. 'फोर व्हील ड्राइव्ह' या नावाने गाडी अडकणारच नाही असे समजणाऱ्यांना हा धक्काच असतो.

मग आधी कोणती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच कुलूप परवडणार असेल तर ते कुठे घालावे? एक साधा हिशोब करू. ट्रकचे वस्तुमान २००० किलोग्रॅम, पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७५ मीटर उंच आणि बरोबर मधोमध. सपाटीवर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलवर प्रत्येकी १००० किलोग्रॅम भार येईल.

ट्रक चढावर उभा केला की भार मागे सरकतो. २० अंशांच्या चढावर मागच्या अॅक्सलवर सुमारे ११४५ आणि पुढच्यावर ७३५ भार पडतो. ३० अंशांवर मागे ११६६ आणि पुढे ५६६. (दोन्हींची बेरीज २००० पेक्षा कमी का, हे विद्यार्थ्यांना विचारा. उताराला लंब असलेला घटकच चाके दाबतो.) वर चढण्यासाठी लागणारा जोर २० अंशांवर ६८४ आणि ३० अंशांवर १००० किलोग्रॅम भार.

आता कोनाकोनी दोन चाके अधांतरी आहेत असे समजा. प्रत्येक अॅक्सलचा सगळा भार त्याच्या टेकलेल्या एका चाकावर आला. घर्षणांक ०.७. दोन्ही डिफरन्शियल मोकळी असतील तर जोर शून्य. फक्त पुढचे लॉक केले, तर २० अंशांवर ०.७ × ७३५, म्हणजे ५१४ जोर मिळतो. ६८४ ची गरज भागत नाही, ट्रक अडकला. फक्त मागचे लॉक केले, तर ०.७ × ११४५, म्हणजे ८०२. ट्रक चढला! हाच हिशोब ३० अंशांवर करा. पुढचे लॉक ३९६, मागचे ८१६, आणि गरज १००० ची. कोणतेही एक पुरत नाही. दोन्ही मिळून मात्र १२१२ होतात आणि ट्रक चढतो.

हा हिशोब ढोबळ आहे. खऱ्या वाटेवर भार असा नेमका विभागला जात नाही. पण दिशा स्पष्ट आहे. चढावर वजन मागे जाते, म्हणून पकड मागे असते, म्हणून पहिले कुलूप मागच्या जोडीला. पाठीवर ओझे असलेल्या ट्रकला तर हे अधिकच लागू आहे. दुसरे कारण सांध्यांचे. लॉक केलेल्या अॅक्सलवर एका बाजूचे चाक अधांतरी असेल, तर सगळा पीळ एकाच दांड्यातून जातो. मागे तो सरळ आणि जाडजूड असतो. पुढे तो वाकलेल्या सांध्यातून जातो, आणि चाक पूर्ण वळवलेले असताना सांधा सगळ्यांत कमजोर असतो. तिसरे कारण सुकाणूचे. पुढची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लागली की ती वळायला नकार देतात, गाडी सरळच जाऊ पाहते.

मग पुढचे लॉक लावायचे तरी कधी? पुढची चाके खडकाच्या पायरीवर चढवायची असतील तेव्हा. मागच्या चाकांचा जोर पुढच्या चाकांना पायरीवर नुसता दाबत राहतो. त्यांना वर ओढायचे काम त्यांचे त्यांनाच करावे लागते. खोल चिखलात, वाळूत किंवा ३० अंशांसारख्या तीव्र चढावरही ते लागते. आणि गाडी मागे घेत चढ चढायची झाली, तर वरचे सगळे गणित उलटे होते. तेव्हा पुढचा अॅक्सल खालच्या बाजूला येतो आणि भार त्याच्याकडे जातो.

कारखानदारांनी काय निवडले?

इतिहासात या निवडीची उत्तरे वेगवेगळी दिसतात, पण प्रत्येकामागे काम आहे. युद्धानंतर जर्मनीत आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने शेतीसाठी 'उनिमोग' हे वाहन रचले. त्याचा पहिला नमुना १९४६ चा. दोन चाकांमधले अंतर १.२७ मीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींच्या हिशोबाने ठेवलेले. शेतात हळू चालायचे, ओढकाम करायचे, म्हणून त्याला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक दिले गेले. १९७९ साली आलेल्या मर्सिडीजच्या जी श्रेणीच्या गाडीतही दोन्ही लॉक घेता येत होती. टोयोटाने १९९० साली आणलेल्या लँड क्रूझरमध्ये विजेवर चालणारी पुढची आणि मागची लॉक वाढीव किमतीत मिळत.

याउलट १९८० ची ऑडी क्वाट्रो पाहा. ही रस्त्यावर आणि रॅलीच्या शर्यतीत वेगाने जायची मोटार. तिच्यात मधले आणि मागचे लॉक होते, पुढचे डिफरन्शियल मात्र मोकळे ठेवले होते. वेगात सुकाणू हवे ना! लँड रोव्हरच्या घराण्यातील १९७० च्या रेंज रोव्हरने फक्त मधले, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधले लॉक दिले. जाता जाता सांगायचे म्हणजे, हे रोव्हर नाव जेम्स स्टार्लीच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, आपल्या सायकलींना दिलेले होते.

आपल्याकडेही ही दोन्ही उत्तरे पाहायला मिळतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला स्वतंत्र लॉक आहेत. महिंद्रच्या २०२० च्या थारमध्ये काही प्रकारांत मागच्या अॅक्सलला आपोआप लागणारे लॉक आहे, पुढच्याला नाही. यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे नव्हे. एकाने तीव्र चढ आणि खडक डोळ्यांपुढे ठेवले, दुसऱ्याने रस्ता आणि रान या दोहोंचा मेळ घातला.

१९९० च्या दशकापासून आणखी एक मार्ग रुळला आहे. घसरून फिरणाऱ्या चाकाला यंत्रणा आपोआप ब्रेक लावते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, म्हणून ब्रेकशी झगडायला जेवढा पीळ लागतो तेवढाच टेकलेल्या चाकालाही मिळतो. ज्या गुणामुळे गाडी अडकत होती, त्याच गुणाचा वापर करून ती सोडवायची! यात सुकाणू बांधले जात नाही. पण आधी चाक घसरावे लागते, मग ब्रेक लागतो, आणि बरीचशी ताकद ब्रेकच्या उष्णतेत जाते. म्हणून खडतर वाटांसाठी लॉक अजून टिकून आहे.

कुलपाची किंमत

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट, कारण तिच्यावर माणसांचा जीव अवलंबून आहे. टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण मर्यादित असते. ते पुढे ढकलण्यात सगळे खर्च झाले की बाजूला धरून ठेवायला काही उरत नाही. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरून फिरते, तेव्हा दुसरे स्वस्थ चाक नांगरासारखे गाडीला बाजूला सरकण्यापासून रोखते. लॉक केल्यावर दोन्ही चाके एकदम घसरू शकतात. डोंगराच्या कडेने तिरक्या, निसरड्या वाटेवर असे झाले की गाडीचे तेच टोक दरीकडे घसरते. मागचे लॉक असेल तर मागचा भाग, पुढचे असेल तर पुढचा. कोरड्या रस्त्यावर लॉक तसेच राहिले, तर वळताना तो २.२ मीटरचा फरक कुठेतरी भरून निघावा लागतो. टायर झिजतो, दांडा तुटतो किंवा गाडी वळतच नाही. ट्रॅक्टरचे पेडल दाबून वळू नये, हे एवढ्याचसाठी सांगतात.

म्हणून नियम असा : अडचण दिसली की तिच्यात शिरण्याआधी, हळू वेगात, चाके सरळ ठेवून लॉक लावावे, आधी मागचे, आणि तेवढ्याने भागले नाही तरच पुढचे. अडचण संपताच ते काढावे, आणि काढताना आधी पुढचे.

तुमच्या शाळेतली बरीच मुले घरच्या ट्रॅक्टरवर बसलेली असतील, काही जण थोड्याच वर्षांत तो चालवू लागतील. त्यातल्या एखाद्याला त्या छोट्या पेडलाबद्दल विचारा. ते कशासाठी आहे हे त्याला बहुधा माहीत असेल. ते दाबून वळायचे का नाही, हे मात्र झाकणाचा आणि फूटपट्ट्यांचा प्रयोग करून त्याच्याच तोंडून वर्गाला ऐकू द्या.